कुत्रं सारखं चाटतंय? आधी वही काढा

शिलाई मशीन चालू असलं की घरातलं दुसरं काही ऐकू येत नाही. त्या दिवशी बॉबिनचा दोरा संपला म्हणून मी पायडलवरचा पाय उचलला आणि टेबलाखालून लप्‌-लप्‌-लप्‌ असा एकसुरी आवाज आला. खंड्या डावा पुढचा पाय चाटत होता. "ए खंड्या, बास!" मी ओरडले. तो थांबला. मी बॉबिन भरली आणि विसरून गेले. त्या आषाढात हे दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल. मग आवाज यायचा बंद झाला. मला वाटलं, सवय मोडली.

मोडली नव्हती. तो आतल्या खोलीत दिवाणाखाली जाऊन चाटत होता. दोन आठवड्यांनी केर काढायला दिवाण ओढला तेव्हा पाहिलं. मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा चट्टा, केस गेलेले, कातडी जाड होऊन चकाकत होती आणि मधोमध ओलं लालभडक. आजही तो चट्टा आठवला की मला माझं ओरडणंच आधी आठवतं. कुत्र्यावर ओरडलं की त्याला एवढंच कळतं, की बाईसमोर हे करायचं नाही. खाज तशीच राहते, दुखणं तसंच राहतं, आणि आपल्याला दिसत मात्र नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असं चाटणं चालू आहे त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते, की आठवडाभर ओरडू नका, नुसतं बघा आणि लिहा.

किती चाटणं म्हणजे जास्त?

कुत्रं चाटणारच. आई पिलांना चाटून स्वच्छ करते, पिलांना शी-शू व्हावी म्हणूनही चाटते. पिलं मोठ्यांचं तोंड चाटून खायला मागतात. आपण दारातून आलो की हात चाटणं हे त्याच घराण्यातलं. जेवण झाल्यावर पंजे साफ करणं, फिरून आल्यावर दोन-चार मिनिटं पाय चाटणं, यात काळजीचं काही नाही.

मी तीन गोष्टी बघते. हाक मारली, भाकरीचा तुकडा दाखवला तरी थांबत नाही, किंवा थांबून परत तिथंच जातं. झोपेतून उठून चाटतं. आणि त्या जागी काहीतरी बदललेलं दिसतं: केस विरळ, कातडी लाल, वास, किंवा पांढऱ्या केसांवर तांबूस डाग. हा डाग लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. खंड्या गावठी, अंगानं बदामी, पण चारही पाय पांढरे. त्याच्या पायाचा रंग बघून तो किती चाटतोय हे मला आता लांबूनही कळतं.

वहीत काय लिहायचं

माझ्याकडे गिऱ्हाइकांची मापं लिहायची वही असते. तिच्याच मागच्या पानांवर रेघा मारून रकाने केले: वेळ, जागा, किती वेळ, त्याआधी काय झालं. जमलं तर मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढा. दवाखान्यात टेबलावर उभं केलं की कुत्रं घाबरून चाटत नाही, आणि डॉक्टरांना आपण फक्त सांगत बसतो.

माझ्या वहीनं मला जे दाखवलं ते मी स्वतःहून कधीच ओळखलं नसतं. खंड्याच्या चाटण्याच्या दोन वेळा निघाल्या. एक रात्री साडेनऊनंतर, सगळं शांत झाल्यावर. त्या वेळी तो चारही पायांच्या बोटांमध्ये चाटायचा, दातांनी कुरतडायचा. दुसरी दुपारी साडेचार ते साडेपाच. तेव्हा मात्र फक्त डावं मनगट, एकाच जागी, डोळे अर्धे मिटून. साडेचारला माझी मुलगी कॉलेजातून घरी यायची. तिच्या स्कूटीचा आवाज कोपऱ्यावर आला की हा फाटकात उभा. त्या जुलैत ती शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली. खंड्या रोज फाटकात जाऊन उभा राहायचा, थोड्या वेळानं परत यायचा आणि मनगटाला लागायचा. रकान्यात "त्याआधी काय झालं" खाली सहा दिवस ओळीनं "फाटकात उभा होता" असं लिहिलेलं पाहिलं तेव्हा मला रडूच आलं.

एकच कुत्रं, एकच चाटणं, पण कारणं दोन. एकावर औषध लागणार होतं आणि दुसऱ्यावर सोबत. हे वेगळं केलं नसतं तर मी एकाच उपायामागे वर्षभर धावले असते.

जागा बघा

जमिनीवर बसा, कुत्र्याला कुशीवर झोपवा, मोबाइलचा टॉर्च लावा. पंज्याची बोटं एकेक करून फाकवा, वरून आणि तळव्याच्या गादीच्या बाजूनंही. वास घ्या. आंबूस, ओल्या कपड्यासारखा वास आणि नखांच्या मुळाशी तपकिरी चिकटा असेल तर बहुतेक यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलेलं असतं. बोटांच्या खाचेत गोचीड बसते, ती भिजलेल्या तुरीच्या दाण्यासारखी दिसते आणि आपण फोड समजतो.

अचानक एकाच पायाच्या मागे लागलं असेल तर आधी काटा शोधा. आम्ही साताऱ्याचे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर दिवाळीच्या सुमारास कुसळी गवत वाळतं. त्याचं कुसळ बाणासारखं असतं. बोटांमधून आत शिरलं की मागे येत नाही, पुढेच सरकतं. वर बारीक भोक आणि सूज, बाकी काही दिसत नाही. सराटा मात्र गादीत रुतलेला दिसतो, तो चिमट्यानं निघतो. कुसळ आत गेलं असेल तर स्वतः कोरू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेलं तर गादी भाजते, तेव्हाही कुत्रं पाय चाटतं. रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवत नाही.

चारही पंजे, शिवाय पोट, काखा आणि कान लाल, ही बहुधा ॲलर्जीची खूण. शेपटीच्या मुळाशी चावाचावी असेल तर पिसवा. बारीक दाताची फणी फिरवा आणि निघालेली काळी भुकटी ओल्या कापसावर टाका. तांबडा डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शेपटीखाली चाटत जमिनीवर ढुंगण घासत असेल तर गुदाजवळच्या ग्रंथी भरलेल्या असतील. लघवीची जागा सारखी चाटणं आणि थोडी-थोडी लघवी होणं हे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात दिसतं. म्हातारं कुत्रं एकाच सांध्यावर चाटत असेल तर तो सांधा दुखत असेल. पायऱ्या चढताना बघा.

आणि काही कुत्री स्वतःला नाही, फरशी, भिंत, सोफा चाटतात. आपण म्हणतो, चाळा आहे. आमच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली ती मी सगळ्यांना सांगते. कॅनडात माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी अशा १९ कुत्र्यांची तपासणी केली, तो अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यांतल्या १४ कुत्र्यांच्या पोटात-आतड्यात काही ना काही बिघाड सापडला. तेव्हा फरशी चाटणाऱ्या कुत्र्याचं आधी पोट दाखवा. मात्र घाबऱ्याघुबऱ्या फरशी चाटतंय, घोट गिळतंय, ओकारी काढतंय पण बाहेर काही येत नाही आणि पोट फुगलंय, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात काही तासांत जीव जातो.

डॉक्टरांकडे

पहिल्यांदा ज्या ठिकाणी नेलं तिथं एक इंजेक्शन दिलं. आठ दिवस चाटणं पूर्ण बंद. नवव्या दिवशी पहिल्यापेक्षा जोरात सुरू. कशाचं इंजेक्शन, किती दिवस टिकेल, मूळ कारण काय, यातलं मी काही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ते स्टिरॉइड होतं, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचून सांगितलं. स्टिरॉइड वाईट असं नाही, खाज शमवायला ते लागतंही. पण ते कारण शोधत नाही, आणि त्यानं कुत्र्याला तहान, भूक, लघवी वाढते. गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंदही करायच्या नसतात.

तुम्ही विचारा: कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघाल का? खरुजेचे आणि कातडीतले डेमोडेक्स नावाचे बारीक किडे तसे दिसतात. चिकटपट्टी लावून यीस्ट आणि जंतू बघतात, त्याला फार वेळ लागत नाही. गावात सोय नसेल तर आमच्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. वही आणि जुने कागद घेऊन जा.

खंड्याच्या मनगटावरच्या चट्ट्याला डॉक्टर लिक ग्रॅन्युलोमा म्हणाले. चाटून कातडी जाड होते, केसांच्या मुळांत खोलवर जंतू जातात, त्यानं आणखी खाज सुटते, म्हणून आणखी चाटतं. वरून मलम लावून तो जात नाही. त्याला सात आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात चट्टा सुकला तेव्हा मला गोळ्या बंद करायचा मोह झाला होता. केल्या असत्या तर परत पहिल्या पानावर. "कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, चाटू दे" असं शेजारपाजारचे सांगतात. थोडं-फार जंतू मारायचं बळ लाळेत असेलही, पण सतत ओली राहणारी आणि खरडली जाणारी जखम भरत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

अन्नाची ॲलर्जी आहे का हे कळायला घरीच परीक्षा घ्यावी लागते. कुत्र्यानं आजवर कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, निदान आठ आठवडे, दुसरा घास नाही. खंड्यानं कोंबडी, अंडी, दूध, मटण सगळं खाल्लेलं. म्हणून डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाद्य मिळतं, ते महाग असतं. जंताच्या आणि गोचिडीच्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाची चव लावलेली असते, तेही विचारून घ्या.

खरी अडचण घरची माणसं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. एकोणिसाव्या दिवशी आत्या ओट्यावर बसून खंड्याला चहात बुडवलेलं बिस्कीट भरवताना दिसल्या. "आत्या, अहो, त्याला चालत नाही ना!" "अगं, एवढ्याशा बिस्किटानं काय हुतंय? ताटाकडं बघून बसलं हुतं बिचारं." त्यांच्या मायेवर काय बोलणार? पण बिस्किटात गहू आणि चहात दूध, म्हणजे गेलेले एकोणीस दिवस पाण्यात. मी परत एकपासून मोजायला लागले. या वेळी उकडलेल्या रताळ्याच्या फोडी डब्यात भरून आत्यांच्याच हातात दिल्या. भरवायचं असेल तर यातलं भरवा. त्यांना भरवायला मिळालं, माझी परीक्षा पूर्ण झाली. तुमच्याकडेही भरवणाऱ्या हाताला मनाई करू नका, डबा द्या.

आठ आठवड्यांत चाटण्यात काही फरक पडला नाही. तेही उत्तरच होतं: अन्न नाही, हवा-धुळीतलं काहीतरी. धुळीतले बारीक किडे, बुरशी, परागकण. दमट हवेत हे वाढतात, म्हणून त्याचं पावसाळ्यात चाळवतं. आता जूनपासून खाजेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू होते, नोव्हेंबरात बंद. गोचीड-पिसवांचं औषध मात्र बारा महिने. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते औषध घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाय धुणं आणि बाही शिवणं

पावसाळ्यात फिरून आलं की पसरट टोपात कोमट पाणी, त्यात चारही पंजे बुडवून बोटांमधून आपलं बोट फिरवायचं. साबण रोज नको. धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. ओला पंजा म्हणजे यीस्टला आमंत्रण. मी जुन्या पंचाची पट्टी बोटांच्या प्रत्येक खाचेतून ओढते, तांदूळ निवडावेत इतक्या निगुतीनं. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू दिला असेल तर तो लावून दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. लगेच धुतला तर पैसे वाया. ती दहा मिनिटं मी खंड्याच्या पाठीवर हात ठेवून बसते.

जखम असेल तोवर जीभ तिथं पोचू द्यायची नाही. गळ्यातला कोन, म्हणजे नरसाळ्यासारखी कॉलर, कुत्र्याला आवडत नाही आणि आपल्याला बघवत नाही, तरी तोच सर्वांत खात्रीचा. काठ नाकाच्या पुढे दोन-तीन बोटं आला पाहिजे आणि पट्ट्यात आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळ्यात घालायची, हवा भरायची गोल उशी मिळते, पण तिच्यावरून पुढच्या पंज्याला तोंड आरामात पोचतं. मनगटाच्या जखमेला ती उपयोगाची नाही.

दिवसा तो माझ्या डोळ्यासमोर असताना कोन काढून जखमेच्या पायात कापडाची बाही घालते. ही शिवायला अर्धा तास लागतो. जुना सुती होजिअरीचा टी-शर्ट घ्या, टेरिकॉट किंवा नायलॉन नको. लांबी कोपराच्या वर चार बोटांपासून मनगटाच्या खाली तीन बोटांपर्यंत. खंड्याला नऊ इंच लागली. घेर पायाच्या जाड भागाचा, अधिक दीड इंच. शिलाईची कड बाहेरच्या अंगाला ठेवा. आपण कपडा शिवतो तशी आत ठेवली तर ती जखमेवर घासते. वरच्या टोकाला दोन रुंद नाड्या लावा, त्या खांद्यांवरून नेऊन पाठीवर बांधा. इलॅस्टिक आणि रबरबँड अजिबात नको, ते रक्त अडवतात. पंजा सुजला किंवा बोटं गार लागली तर तत्काळ काढा. बाही रोज धुतलेली हवी. आणि कुत्रं कापडावरूनच चाटायला लागलं तर ओलं कापड जखमेवर बसतं, ते उघड्यापेक्षा वाईट. अशा कुत्र्याला कोनच.

काय लावू नये हेही सांगते. जळालेलं ऑइल, रॉकेल, फिनेल, आपल्या घरातलं जंतुनाशक, टी ट्री तेल, झिंक ऑक्साइडचं मलम, माणसांची सोरायसिसची क्रीम. कुत्रं ते चाटणारच, आणि यातलं बहुतेक पोटात गेलं की विष. दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. कडू काहीतरी लावा असं सांगतात. खंड्यानं ते चाटून साफ केलं, आणि उघड्या जखमेवर ते झोंबतं. पावसाळ्यात जखमेत आळ्या पडलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

साडेचारचं काय केलं

चाटायला लागल्यावर धावत जाऊन खाऊ दिला तर कुत्रं शिकतं, की चाटलं की खाऊ येतो. म्हणून वहीतली वेळ बघून त्याच्या आधीच सुरुवात करायची. मी सव्वाचारला मशीन बंद करते. जुना टॉवेल पसरून त्यात खाण्याचे तुकडे टाकते, गुंडाळते, सैल गाठ मारते आणि त्याच्यापुढे ठेवते. तो नाकानं, पंजानं उलगडत बसतो. मग अर्धा तास फिरायला, आणि त्या वेळी त्याला हवं तिथं हुंगू देते. पूर्वी मी "चल, चल" करत ओढायचे. आता एका खांबापाशी तीन मिनिटं थांबला तर मीही थांबते. हुंगून आलेला खंड्या आल्या आल्या झोपतो.

मधेच चाटताना दिसला तर नाव हलक्या आवाजात घेऊन तळहात पुढे करते. हाताला नाक लावायला त्याला शिकवलंय. नाक लावलं की शाबासकी, आणि मग काहीतरी दुसरं काम: अंगणात चल, बस, बॉल आण. तो नुसताच शांत पडलेला असतो तेव्हाही उठून जाऊन त्याला कुरवाळते. आपण कुत्र्याकडे बघतो ते बहुधा त्यानं काही चुकीचं केल्यावरच. मुलगीही रोज पावणेपाचला फोन करते. त्याचा खंड्याला किती उपयोग होतो माहीत नाही; आम्हा दोघींना होतो.

तुमचं कुत्रं तुम्हालाच चाटत असेल आणि नको असेल तर हात झटकू नका, हसू नका, ओरडू नका. त्याला तिन्हींत खेळ वाटतो. न बोलता उठून बाजूला व्हा, थांबला की परत या. घरात सगळ्यांनी एकसारखं वागलं तरच हे जमतं. आपल्या हातापायाला उघडी जखम असेल तर मात्र कुणाच्याच कुत्र्याला चाटू देऊ नका. रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना फाटलेल्या कातडीवरचं चाटणं चाव्याच्याच गंभीर गटात, तिसऱ्या वर्गात धरते. अनोळखी किंवा लस न झालेल्या कुत्र्यानं जखम, डोळा, ओठ चाटले तर पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा, डोळा आणि तोंड नुसत्या पाण्यानं, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

खंड्याच्या मनगटावर आता केस आलेत, थोडे करडे, विरळ. त्या जागेवर मी अजून रोज रात्री बोट फिरवून बघते, गरम लागतं का, ओलं लागतं का. वहीत कालची नोंद आहे: "रा. ९.४०, उजवा मागचा पंजा, ४ मि., दिवसभर पाऊस." आज संध्याकाळी त्याच पंज्याची बोटं फाकवून टॉर्चनं बघायचीत.